कानात सांगायचं राहिलेलं नाव

विलास, काल तुझं दहावं झालं. नदीवर काय झालं ते आबाकाका तुला त्यांच्या पद्धतीनं सांगतीलच. नाना गेल्यापासून घरात त्यांच्या धाकट्या भावाचाच शब्द चालतो, आणि तो शब्द जिवंत माणसांना सोडत नाही तर गेलेल्यांना काय सोडणार! पण काका निम्मं गाळतील आणि उरलेल्याला तिखटमीठ लावतील. म्हणून मीच सांगते. तशीही या सगळ्याची सुरुवात मीच केली होती.

तुझ्या पोराचं बारसं आठव. मी टोकावड्याहून पहाटेच निघाले होते. या वेळचं सोडलं तर आमच्या धाब्याला कुलूप लागल्याचं मला दोनदाच आठवतं, एकदा नाना गेले तेव्हा आणि एकदा त्या दिवशी. नानांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आपल्यात आजोबाचं नाव नातवाला जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. त्यात तू चार दिवस आधी फोन करून म्हणालास, ताय, नाव मी ठरवलंय, तू फक्त कानात सांग. कोणतं, म्हटलं. जीहून, म्हणालास. मला वाटलं रेंज गेली.

हा कुठला देव, असं मी विचारलं. तू म्हणालास, देव नाय, माणूस आहे. तू कामाला होतास त्या मुरबाडच्या कारखान्यात कोरियाहून प्रेस मशीन बसवायला आला होता तो. तिकडे हे नाव गल्लोगल्ली असतं म्हणे, एकेका वर्गात दोन-दोन जीहून. मी म्हटलं, म्हणजे तिकडचा संतोषच की, मग संतोष ठेव ना, दोन्ही देशांची सोय होईल. तू हसला नाहीस. माझ्या फालतूतल्या फालतू बोलण्यालाही हसणारा तू, हसला नाहीस, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण मला तेव्हा एकच गोष्ट टोचत होती, की ठरवताना मला विचारलं नाही.

सापगावच्या घरात तू भिंतीवर थर्माकोलची अक्षरं चिकटवून वर सुरेखाची ओढणी लावली होतीस. आत्यानं कानात सांगायचं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे आणि मग तू ओढणी ओढायचीस, असा बेत. मी पोराला मांडीवर घेतलं. कुर्र केलं आणि म्हटलं, मोरेश्वर. नानांचं नाव. कानात सांगायचं ते मी ओटीवरच्या पुरुषांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. बायकांनी धपाटे घातले, हसल्या, आणि तेवढ्यात तू ओढणी ओढलीस. तुला थांबता आलं असतं. पण तुला राग आला की तू काही न बोलता हातातलं काम पुरं करतोस, तसंच केलंस. भिंतीवर एक नाव, पोराच्या कानात दुसरं, आणि मधे घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी राहिलेली बाळंतीण सुरेखा. मग आबाकाका म्हणाले, कानातलं नाव खरं, भिंतीवरचं उद्या पडेल. थर्माकोल खरोखरच दुसऱ्या दिवशी पडला. काका ते अजून सांगतात.

तेव्हापासून पोराला दोन नावं. सापगावात आणि शाळेत जीहून, टोकावड्यात आणि काकांच्या ओटीवर मोरेश्वर. मी तर मोऱ्याच म्हणायचे. तू मला एकदाही टोकलं नाहीस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दोनदा विचारलं, नक्की हेच का, आणि तू दोन्हीदा हो म्हणालास, हे मला सुरेखानं सांगितलं. मला सांगायला तू आला नाहीस, आणि मीही विचारलं नाही. दरवर्षी भाऊबीजेला तू पोराला गाडीवर पुढे बसवून यायचास, आपण आधी भांडायचो, मग मी ओवाळायची, मग जेवायचो. भांडण नेहमी एकच. मी म्हणायची नाना, तू म्हणायचास राहू दे ना गो ताय. याला भांडण म्हणायचं तर म्हण.

मधल्या वर्षांत आणखी एक गंमत झाली. आमची प्राजक्ता कॉलेजात जायला लागली आणि तिच्या मोबाइलवर कोरियातल्या मालिका सुरू झाल्या. एक दिवस ती ओरडतच धाब्यावर आली, आई, हिरोचं नाव जीहून! बघते तर गुलाबी गालांचा, लिपस्टिक लावल्यासारखे ओठ असलेला मुलगा पावसात छत्री धरून उभा. म्हटलं, तुझा मामा याच्यापायी माझ्याशी भांडला होय. मग म्हणे दुसऱ्या मालिकेतल्या डॉक्टरचंही तेच नाव, आणि कुठल्याशा गाणाऱ्या पोरांच्या टोळीतही एक आहे. डोळखांबच्या पाड्यावरून कॉलेजला येणाऱ्या तिच्या मैत्रिणींना तुझ्या पोराचं नाव कळलं तेव्हा त्या त्याच्यासोबत फोटो काढायला सापगावला गेल्या. पोरगा कपाटामागे लपला. मी हे सगळं तुला चिडवायला सांगितलं, तर तू म्हणालास, आमचा जीहून असा नव्हता दिसायला, त्याचं पोट सुटलेलं होतं आणि तो जेवताना घामाघूम व्हायचा. एवढंच. त्या माणसाबद्दल तू मला सांगितलेलं हेच सगळ्यात लांब वाक्य.

आणि मग गेली भाऊबीज. ती मला विसरता येत नाही आणि आठवायचीही नाही. ताट तयार होतं, निरांजन लावलं होतं. पोरगा अंगणात होता, मी हाक मारली, मोऱ्या, ये रे. तो आला. तू म्हणालास, ताय, आता नऊ वर्षांचा झाला तो, एकदा तरी त्याच्या नावानं हाक मार. एवढंच म्हणालास, आवाजही चढवला नाहीस. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, बाप नकोसा झालाय तुला, म्हणून परक्याचं नाव घरात आणलंस. तू पाटावरून उठलास. पोराला घेतलंस आणि गाडी सुरू केलीस. निरांजन जळत राहिलं, मी ते विझवलंही नाही. तू मुरबाड ओलांडून गेला असशील तोवर मला वाटत होतं की गाडीचा आवाज परत येईल.

त्यानंतर दोनदा मी फोन लावायला घेतला. दोन्ही वेळा मनात म्हटलं, त्यानं करावा, मी मोठी आहे. मोठेपणा म्हणजे काय चीज आहे बघ. माघात सुरेखाचा फोन आला तो तू गेल्याचाच.

आई लवकर गेली म्हणून तुझ्या वेण्याफण्या सोडून सगळं मी केलं होतं. कैऱ्या पाडताना दगड मारून तू शेजारच्या घराची कौलं फोडलीस आणि कोणी विचारायच्या आधी स्वतः जाऊन सांगून आलास, तेव्हा मी अख्ख्या आळीत मिरवले होते. आमचा विलास खोटं बोलत नाय. हे वाक्य मी पुढे तीस वर्षं बोलत राहिले, सासरी बोलले, तुझ्या लग्नात सुरेखाच्या आईला बोलले. तुला ते ऐकताना काय होत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नाही.

आता ऐक, सातव्या दिवशी काय झालं. दुपारी तुझा मोबाइल वाजला. सुरेखा बघून नुसती रडायला लागली, म्हणून प्राजक्तानं उचलला. पडद्यावर चष्मा लावलेला, कानशिलांपाशी केस पिकलेला एक माणूस. पोरानं त्याला निरोप पाठवला होता म्हणे, तुझ्याच फोनवरून, स्वतःच. तो रडत होता, आवाज न करता, आणि मधेच चष्मा काढून पुसत होता. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, विलास भाई की दीदी? मला पुढे केलं. मी डोक्यावर पदर घेतला, काय करावं सुचेना. त्यानं उभं राहून कमरेत वाकून नमस्कार केला, अगदी खाली वाकला, पडद्यावर नुसती पाठ दिसत होती. मग इंग्रजीत बरंच बोलला. प्राजक्ता सांगायला लागली आणि मधेच अडखळली.

ती म्हणाली, "आई, ते म्हणतायत, बाळाच्या कानात माझं नाव तुम्ही सांगितलंत. विलासनं मला तेव्हाच कळवलं होतं. मला कंपनीनं घरी बसवलं होतं आणि कोणी माझं नाव घेत नव्हतं, त्या दिवसांत. नऊ वर्षं तुमचे आभार मानायचे राहिले."

पोरगा माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत आहे हे मला त्या एका बघण्यात कळलं. तरी मी काय केलं असेल? मी मान हलवली. हो हो, म्हटलं, आणि फोन प्राजक्ताच्या हातात कोंबला. मग मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. तू माझ्यासाठी खोटं बोललास, विलास. तुझ्या बहिणीनं भर बारशात तुझा पाणउतारा केला हे त्या परक्या माणसाला कळू नये म्हणून बोललास. मला राग आला तुझा. खरंच सांगते, आधी रागच आला, कारण लाज वाटली की मला आधी राग येतो.

सुरेखा माझ्यामागे आली. तू तिला शपथ घातली होतीस की ताईला सांगायचं नाही. आता शपथेचा धनीच नाही म्हणाली, आणि सांगितलं. त्या प्रेसची ट्रायल चालू होती. काम लवकर व्हावं म्हणून जीहूननं सेफ्टीचा सेन्सर, हात आत गेला की मशीन थांबवणारा, बंद केला होता, आणि मशीन चालवणारा तू होतास, तुलाही ते ठाऊक होतं. डोळखांबकडचा एक पोरगा माल काढायला वाकला आणि त्याची दोन बोटं गेली. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. कोणी बंद केला, विचारलं. तू खाली बघत राहिलास. सगळे तुझ्याकडेच बघत होते, मशीन तुझ्या हाताखालचं होतं, म्हणजे तुझ्यावरच येणार होतं. तरी तू सांगू शकला नाहीस, ना त्याचं, ना तुझं. आणि मग तोच बोलला. मी बंद केला, म्हणाला, या माणसाचा दोष नाही. आठ दिवसांत त्याला परत पाठवलं. त्यानंतर तू आठवडाभर जेवला नव्हतास, म्हणे. पोर झाल्यावर सुरेखाला म्हणालास, दिवसातून पन्नासदा हाक मारावी लागेल, तेवढ्या वेळा मला ते आठवेल.

हे तू मला का सांगितलं नाहीस ते मला विचारायची गरजच नाही. आमचा विलास खोटं बोलत नाय. माझ्या त्या एका वाक्यानं तुझं तोंड बंद केलं होतं.

नवव्या दिवशी आबाकाका आले. दहाव्याची तयारी विचारली, भटजींचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आले. पिंड पोरानं द्यायचे, भटजी त्याचं नाव विचारतील, तिथं मोरेश्वर हेच नाव सांगायचं. शाळेतलं नाव शाळेत. माझ्याकडे बघून म्हणाले, तूच ठेवलंयस, तूच बघ. आणि जाताना ओटीवर सगळ्यांसमोर म्हणाले की त्या दुसऱ्या नावानं पिंड पडला तर मी उठून जाणार, आणि भावकीतलं कोणी तेराव्याला जेवायला येणार नाही. सुरेखाचा चेहरा बघवेना. तेराव्याला पंगत बसलीच नाही तर गावात तिला आणि पोराला कोण विचारेल? आज त्यांना भावकीची गरज आहे, माझ्या पश्चात्तापाची नाही. असं मी स्वतःला समजावलं. रात्रभर समजावत होते, आणि सकाळी निघताना माझं पक्कं ठरलं होतं की मोरेश्वर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. एका शब्दाचा तर प्रश्न आहे, पोराला मी नंतर समजावेन.

पुलाखाली नदीला पाणी कमी होतं. पोराचं डोकं नुकतंच भादरलं होतं, कान मोठे दिसत होते. तो भटजींसमोर बसला, बोटात दर्भाची अंगठी, पुढे भाताचे पिंड. पुरुष खाली, आम्ही बायका वर पायरीवर. भटजींनी त्याच्या हातावर पाणी घातलं. गोत्र काकांनी सांगितलं. मग भटजी म्हणाले, नाव. काका म्हणाले, मोरेश्वर, म्हण रे, मी मोरेश्वर. पोरानं तोंड उघडलं नाही. पाणी बोटांतून गळून गेलं. भटजींनी परत घातलं, परत विचारलं. पोरानं ओठ घट्ट मिटून घेतले. काकांचा आवाज चढला. मोरेश्वर म्हणायला काय जातंय रे तुझं, म्हणाले. पाणी परत गळून गेलं.

भटजी तरुण होते, बरे होते. पुढे झुकून म्हणाले, "बाळा, तुझं नाव तूच सांग."

पोरानं मागे वळून पायऱ्यांवर पाहिलं. "आत्या सांगेल," म्हणाला.

सगळी डोकी माझ्याकडे वळली, विलास. काका माझ्याकडे बघत होते, निश्चिंत. सुरेखा माझ्याकडे बघत नव्हती. एक नावच तर सांगायचं होतं, त्याहून जास्त कोणी काही विचारलं नव्हतं, आणि ठरवून आलेलं नाव जिभेवर तयार होतं. मला तू दिसलास. मशीनपाशी उभा, खाली बघणारा. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला तुझी कीव आली नाही की तुझा राग आला नाही, मला नुसतं कळलं. गप्प राहणं किती सोपं असतं, माणूस काही वाईट नसतो तरी गप्प राहतो. आणि हेही कळलं की हा पोरगा माझ्याकडे मदत मागत नाही, तो मला संधी देतोय. असं कोणाकडून शिकला असेल तो?

मी दोन पायऱ्या खाली उतरले. बायका खाली उतरत नाहीत, तरी उतरले.

म्हटलं, "जीहून. त्याच्या बापानं ठेवलंय. बारशाला मी मुद्दाम दुसरं सांगितलं. माझं चुकलं."

माझा आवाज फाटला होता, पण ऐकू गेला. पोराचं म्हणून ते नाव आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. उच्चार बरोबर झाला की नाही कोण जाणे, पोरानं मात्र लगेच हात पुढे केला. भटजींनी पाणी घातलं आणि एकदा मला विचारून घेतलं, जी-हून का, आणि मंत्र सुरू केला. पोरगा त्यांच्यामागून स्पष्ट म्हणाला, न अडखळता. काका उठले. धोतर झटकलं आणि पुलाकडे चालायला लागले. त्यांच्यामागून चौघे गेले, पाचवा थोडा वेळ उभा राहिला आणि परत बसला. मी मोजत नव्हते, पण डोळ्यांना दिसतं.

तेराव्याला कोण येईल मला माहीत नाही. सुरेखा रात्री म्हणाली, ताई, तुम्ही कशाला बोललात, निभावलं असतं. मग थोड्या वेळानं माझ्या पायाला तेल लावत बसली. काकांकडे मी उद्या जाईन, पाया पडेन, शिव्या खाईन. ते नानांचे भाऊ आहेत, त्यांचंही दुःख आहे, नानांचं नाव पुसलं जातंय असं त्यांना खरंच वाटतं. पण नाव बदलणार नाही एवढं सांगून येईन.

आणि एक काम अजून राहिलंय, त्यासाठी तुझी परवानगी हवी होती, पण आता कुठून घेऊ. तू माझ्यासाठी बोललेलं ते खोटं मी मोडणार आहे. त्या माणसानं माझ्यासमोर कमरेत वाकून आभार मानले, ते मी असे ठेवून घेऊ शकत नाही. आज संध्याकाळी प्राजक्ता फोन लावणार आहे. पोरगा म्हणालाय, आत्या, तू मराठीत बोल, मी त्यांना सांगतो. त्यांना एवढंच सांगायचंय, की नऊ वर्षांपूर्वी तुमचं नाव मी ठेवलं नव्हतं. ते मी काल ठेवलं.